आज एवढेच: परिचारिकेकडून मधुमेह शिकताना

माझ्या मधुमेहाचे निदान नेहमीच्या रक्ततपासणीत झाले. उपाशीपोटीची साखर १८२ होती आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी ९.१ टक्के आली होती. उपाशीपोटी दर डेसिलिटर रक्तात १२६ मिलिग्रॅम किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के, या रेषेपासून पुढे मधुमेह मानतात, एवढे डॉक्टरांनी सांगितले, गोळी लिहून दिली आणि बाकीचे सिस्टर समजावतील असे म्हणून मला आरोग्य केंद्रातल्याच शेजारच्या खोलीत पाठवले. ते 'बाकीचे' पुढे दोन वर्षांहून अधिक काळ चालले आणि अजूनही संपलेले नाही. आजार कसा सांभाळायचा हे मला जे काही समजते, त्यातले बहुतेक त्या खोलीत समजले. म्हणून ते शिक्षण कसे झाले, कोणत्या क्रमाने झाले आणि त्यात काय मुद्दाम मागे ठेवले गेले, हे लिहून ठेवावेसे वाटते.

पहिल्या भेटीत सिस्टरांनी बोलायला सुरुवात करण्याऐवजी विचारायला सुरुवात केली. मधुमेहात शरीरात नेमके काय बिघडते असे तुम्हाला वाटते, या आजाराची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, घरी स्वयंपाक कोण करते, आधीपासून कोणती औषधे चालू आहेत आणि ती कधी चुकतात का, असे ते प्रश्न होते. भीतीच्या प्रश्नावर मी डोळ्यांचे नाव घेतले, कारण माझ्या मावशीची दृष्टी मधुमेहाने गेलेली मी पाहिली होती. त्यांनी ते कागदावर टिपून घेतले आणि पडद्याच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवून दिली. माझ्यासारख्या दुसऱ्या प्रकारच्या (टाइप २) मधुमेहात निदान झाल्याबरोबर एकदा आणि पुढे साधारणपणे दरवर्षी डोळे तपासायचे असतात, कारण आजार लक्षात येण्याआधी तो कित्येक वर्षे मुक्काम करून असू शकतो. डोळ्यांविषयी त्या दिवशी एवढेच सांगून त्यांनी तो विषय मिटवला.

मग त्यांनी गोळीविषयी सांगितले. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यायचे. सुरुवातीला ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी आणि मात्रा हळूहळू वाढवायची, कारण एकदम जास्त घेतली तर मळमळ आणि जुलाब होतात. पहिल्या काही दिवसांत पोट बिघडले तर गोळी आपणहून बंद न करता आधी फोन करायचा. दुसरी गोष्ट एचबीएवनसीची. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची हकिगत सांगतो आणि तपासणीच्या आदल्या दिवशी उपास केल्याने तो बदलत नाही. हे ऐकून मी मान डोलावली. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता घरी गेल्यावर हे यजमानांना कसे सांगाल, ते मला सांगा." मला ते तोंडी परीक्षेसारखे वाटले आणि चेहऱ्यावर ते दिसलेही असावे. "परीक्षा माझी आहे," त्या म्हणाल्या, "मी नीट समजावले की नाही ते मला तुमच्या तोंडूनच कळणार." मी सांगू लागले तेव्हा गोळीचे सगळे बरोबर आले, पण पेशी आणि महिन्यांचा भाग अडखळला. त्यांनी तोच भाग वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितला आणि पुन्हा माझ्याकडून वदवून घेतला. पुढे प्रत्येक भेटीत हे असेच होत राहिले. ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि बोलू लागल्यावरच भोके दिसतात, याचा अनुभव मला तिथे इतक्या वेळा आला की नुसती मान डोलावणे मी सोडून दिले.

निघताना मी पायांच्या काळजीविषयी, मूत्रपिंडाविषयी आणि साखर अचानक उतरण्याविषयी विचारले, कारण निदान झाल्यापासून मी मिळेल ते वाचत होते. "आज एवढेच," असे त्या म्हणाल्या. हे उत्तर मला तेव्हा टोलवाटोलवीचे वाटले. वस्तुस्थिती अशी होती की एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक खाली जाणे दुर्मीळ असते, आणि जे संकट अजून माझ्या वाट्याला येणारच नव्हते त्याची लक्षणे पाठ करून मी त्या आठवड्यात फक्त जास्त घाबरले असते. काय सांगायचे याइतकाच काय आज सांगायचे नाही याचा विचार त्यांनी केला होता, हे मला बऱ्याच पुढे कळले.

ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचे यंत्र, शिकवतानाही क्रम उलटाच होता. यंत्र माझ्या हातात देण्याआधी त्यांनी विचारले की आकडा दिसल्यावर तुम्ही काय कराल. मला उत्तर देता येईना. मग त्यांनी सांगितले की फक्त गोळीवर असलेल्या माणसाने रोज उठून बोट टोचत बसण्याने फार काही साधत नाही; एखादा प्रश्न मनात धरून मोजले तरच त्या आकड्याला अर्थ येतो. उदाहरणार्थ, जेवणापूर्वी एकदा आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी एकदा मोजले, तर त्या एका जेवणाने साखर किती चढवली ते कळते. दुसऱ्या दिवशी तेच जेवण कमी प्रमाणात घेऊन, किंवा जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालून पुन्हा मोजले की आपल्या हातात काय आहे हेही कळते. यानंतर यंत्र आले. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचे म्हणजे दुखते कमी, दरवेळी बोट बदलायचे, रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावायचे कारण दमट हवेने त्या खराब होतात, आणि डबीवरची मुदत पाहायची. हात धुण्याचे महत्त्व पटवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या बोटाला साखरेचे पाणी लावून मोजले, मग हात धुऊन दुसऱ्या बोटावर मोजले. दोन आकड्यांत इतका फरक होता की ती सूचना मला पुन्हा कधी कोणी द्यावी लागली नाही.

आहाराविषयी एक छापील पत्रक मिळाले, ते निरुपयोगी होते. त्यातली अक्षरे इतकी बारीक की चष्मा लावूनही वाचता येईनात, आणि मजकूर असा की खाऊ नये त्या पदार्थांची यादीच पान भरून होती. सिस्टरांनी ते बाजूला ठेवून एक रिकामे ताट काढले: अर्धे ताट भाज्यांचे, पाव ताट धान्याचे, पाव ताट प्रथिनांचे. आठवडाभर खाल्लेले लिहून आणायला सांगितले आणि त्या यादीतली बदलता येईल अशी एकच गोष्ट मला निवडायला लावली. मी संध्याकाळच्या गोड चहाची निवड केली. याहून मोठा बदल त्यांनी सुचवला असता तर तो मी पंधरवडाही पाळला नसता.

मधल्या काळात सिस्टरांना लसीकरणाच्या कामासाठी दुसरीकडे पाठवले गेले आणि त्यांच्या जागी बदलीवर आलेल्या परिचारिकेने आम्हा आठ-दहा रुग्णांना एकत्र बसवून शिकवले. त्यांचे ज्ञान कमी होते असे मुळीच नाही. उलट मधुमेहाविषयी सांगण्यासारखे जे जे असते ते सगळे त्यांनी एका बैठकीत, डोळे, मूत्रपिंड, पाय, हृदय, दात अशा क्रमाने वाचून दाखवले. त्यातले मला आज काहीही आठवत नाही. आठवते ते मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी मध्येच विचारलेले, की गोळी संपून चार दिवस झाले आहेत, ती कुठे मिळेल. सभेतला खरा धडा त्या प्रश्नात होता, पण यादी पूर्ण व्हायची होती म्हणून तो मागे राहिला. यात दोष मी त्या परिचारिकेला देत नाही. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला, त्यात या सेवेचे घटक मोजताना आरोग्यशिक्षणाचा उल्लेख सर्वांत आधी केला आहे. प्रत्यक्षात मात्र माणसे कमी पडली की सर्वांत आधी कापला जातो तो शिकवण्याचाच वेळ, कारण दिलेल्या लसी मोजता येतात आणि समजलेल्या गोष्टी मोजता येत नाहीत.

सिस्टर परतल्यावर रक्तदाबाचा विषय निघाला, कारण केंद्रात तो प्रत्येक वेळी १५०च्या आसपास भरत होता. गोळी वाढवण्यापूर्वी त्यांनी घरी मोजायला शिकवले, आणि मला वाटते इतके काटेकोर शिक्षण मला दुसऱ्या कशाचेच मिळाले नाही. आधी लघवीला जाऊन यायचे. अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी किंवा तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, मांडी न घालता पाच मिनिटे स्वस्थ बसायचे. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचे नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे, आवडलेला एकच नाही. त्यांनी दंडाचा घेर फितीने मोजून पट्ट्याचा आकार सांगितला, कारण लहान पट्टा रक्तदाब वाढवून दाखवतो. त्यानंतर मला एकटीला सगळी कृती करायला लावून त्या गप्प उभ्या राहिल्या. आठवडाभराच्या घरच्या नोंदींची सरासरी १३०च्या आत आली. केंद्रात १४०/९० ही जी उच्च रक्तदाबाची सीमा धरतात, तिच्या जोडीला घरच्या मोजणीसाठी १३५/८५ ही सीमा धरतात. त्या हिशेबाने नवी गोळी लागली नाही आणि दर काही महिन्यांनी आठवडाभर अशा नोंदी ठेवायच्या एवढेच ठरले.

सहा-सात महिन्यांनी डॉक्टरांनी दुसरी गोळी सुरू केली. ही गोळी स्वादुपिंडाकडून साखर उतरवणारे इन्सुलिन स्रवून घेते, त्यामुळे जेवण चुकले तर साखर खाली जाऊ शकते. पहिल्या दिवशी टाळलेला विषय आता सिस्टरांनी स्वतः काढला आणि त्यासाठी "पुढच्या वेळी यजमानांना घेऊनच या" असे बजावले. साखर फार उतरलेल्या माणसाला आपली साखर उतरली आहे हे कधीकधी कळतच नाही, तो चिडतो, हट्ट करतो, मदत नाकारतो. म्हणून हा धडा घरातल्या दुसऱ्या माणसाला आला पाहिजे, हे त्यामागचे कारण. घाम, कापरे, छातीत धडधड, भूक, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणे त्यांनी यजमानांकडून वदवून घेतली. ७०च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सपाट चार चमचे, पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि अजून ७०च्या खालीच असेल तर तेच पुन्हा करायचे. चॉकलेट चालणार नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर झोपवायचे आणि रुग्णवाहिका बोलवायची. यजमान एरवी माझ्या आजाराच्या चर्चेतून काढता पाय घेतात. त्या दिवशी मात्र त्यांनी उलट प्रश्न विचारला, की यंत्र जवळ नसेल आणि लक्षणे असतील तर काय करायचे. "आधी साखर द्यायची, मोजायचे नंतर," सिस्टर म्हणाल्या. मला हा प्रश्न सुचला नव्हता.

इन्सुलिनची वेळ आली तेव्हा मी बराच काळ टाळाटाळ केली. सुई दुखेल ही भीती होतीच, पण त्याहून अधिक असे वाटत होते की इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी आणि मी नापास झाले. सिस्टरांनी या समजुतीशी वाद घातला नाही. स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची ताकद या आजारात वर्षागणिक कमी होत जाते, त्यामुळे पुष्कळ जणांना कधी ना कधी ते बाहेरून घ्यावे लागते आणि त्यात पथ्य मोडल्याची शिक्षा वगैरे काही नसते, एवढे सांगून त्यांनी इन्सुलिन टोचायच्या पेनची सुई माझ्यासमोर ठेवली. ती ४ मिलिमीटर लांबीची होती. पेन नसलेली नुसती सुई, औषधाशिवाय, त्यांनी मला तिथेच पोटावर टोचून पाहायला सांगितले. माझी अर्धी भीती त्या एका टोचण्यात गेली. कोणत्याही समजावण्याने ती गेली नसती.

कृती मात्र सावकाश, तुकड्यातुकड्याने शिकवली गेली. नवी सुई लावायची, दोन युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब येतो का पाहायचा, मात्रा फिरवून लावायची, सुई काटकोनात टोचायची, बटण पूर्ण दाबल्यावर सावकाश दहा अंक मोजून मगच सुई बाहेर काढायची, नाहीतर औषधाचा थेंब बाहेर येतो. बेंबीच्या भोवतालची दोन बोटे जागा सोडायची, आणि आजची जागा कालच्या जागेपासून किमान बोटभर लांब ठेवायची. न उघडलेली पेने शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून दूर, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते; वापरात असलेले माझे पेन बाहेर ठेवले तरी चालते, पण २८ दिवसांनंतर उरलेले टाकून द्यायचे, म्हणून उघडल्याची तारीख त्यावर लिहायची. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून केंद्रातच परत द्यायच्या. काही महिन्यांनी त्यांनी माझ्या पोटावर बोटे फिरवून त्वचेखाली गाठी झाल्या आहेत का ते पाहिले. एकाच जागी टोचत राहिल्यास चरबीच्या गाठी होतात आणि तिथे दिलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

मात्रा वाढवण्याचा नियम डॉक्टरांनी लिहून दिला होता: लागोपाठ तीन सकाळी उपाशीपोटीची साखर ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर दोन युनिट वाढवा, ७०च्या खाली एकदा जरी आली तरी मात्रा वाढवू नका आणि फोन करा. सिस्टरांनी माझ्यासमोर आकड्यांचे खोटे तक्ते ठेवले आणि प्रत्येक तक्त्याखाली काय कराल ते लिहायला लावले. औषधाची मात्रा मी, म्हणजे औषधशास्त्राचा गंध नसलेल्या बाईने, स्वतः ठरवायची ही कल्पना मला धाडसी वाटली होती. पण ती नवी नव्हती. १९२२ साली इन्सुलिन माणसांवर वापरात आले तेव्हापासूनच ते रुग्णाने घरी, आयुष्यभर स्वतः टोचून घ्यायचे औषध होते, आणि बॉस्टनमध्ये एलिऑट जॉस्लिन या डॉक्टरांनी त्या काळी परिचारिकांनाच मधुमेहाच्या शिक्षिका म्हणून तयार केले होते, ते याच गरजेतून.

पायांचा धडा तपासणी चालू असतानाच झाला. १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून, डोळे मिटून, स्पर्श जाणवला की 'हो' म्हणायचे अशी ती तपासणी आहे. माझी सगळी उत्तरे बरोबर आली. संवेदना शाबूत असतानाच सवय लावून घ्या, असे सांगून त्यांनी रोज रात्री तळवे आरशात पाहायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या आणि तिथे मलम लावायचे नाही, पादत्राणे घालण्यापूर्वी आत हात फिरवायचा, कुरूप स्वतः कापायचे नाही, अशा सूचना दिल्या. हे सगळे मी बदलीच्या परिचारिकेच्या सभेतही ऐकले असणार. पण धागा पायाला टेकलेला असताना ऐकले तेव्हाच ते माझ्या पायांविषयी आहे असे वाटले.

आजारपणातले नियम सर्वांत शेवटी आले. ताप, उलट्या किंवा जुलाब असतील तर शरीरातले पाणी कमी होते, तेव्हा मेटफॉर्मिन तात्पुरते थांबवायचे. इन्सुलिन मात्र, जेवण जात नसले तरी, स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचे नाही, कारण आजारपणात साखर न खाताही चढते. दर चार तासांनी मोजायचे, घोट घोट पाणी पीत राहायचे, आणि पाणीही पोटात ठरत नसेल, ग्लानी येत असेल किंवा आकडा चढतच असेल तर फोन न करता थेट दवाखाना गाठायचा. या नियमांचा कागद त्यांनी छापील दिला नाही. मोठ्या अक्षरांत माझ्याकडूनच लिहून घेतला आणि मोजणीचे आकडे व फोन नंबर यजमानांकडून लिहवले. गेल्या पावसाळ्यात तापाबरोबर उलट्या सुरू झाल्या तेव्हा तो कागद उपयोगी पडला. मेटफॉर्मिन थांबवले, साखर २६०पर्यंत चढली, सकाळी फोन केल्यावर इन्सुलिन किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारून सिस्टरांनी कळवले, दुपारनंतर पाणी ठरू लागले आणि दुसऱ्या दिवशी आकडे उतरले. आता सांध्याची शस्त्रक्रिया ठरते आहे. त्या दिवशी उपाशी राहायचे असेल तर आदल्या रात्रीचे इन्सुलिन किती घ्यायचे, हा प्रश्न मी पुढच्या भेटीसाठी लिहून ठेवला आहे.